‘शिजी’ची दहा खंडांची सुधारित आवृत्ती: काही महिन्यांच्या सलग वापरानंतर

चीनच्या हान काळातील (इ.स.पू. दुसरे-पहिले शतक) इतिहासकार सिमा छियेन याच्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथाची बीजिंगच्या झोंगहुआ शूजू या प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये काढलेली दहा खंडांची सुधारित आवृत्ती मी गेले अनेक महिने रोजच्या वाचनासाठी वापरत आहे. ज्यांनी अभिजात चिनीचा पाया घालून घेतला आहे आणि आता अनुवादांवर न विसंबता मूळ ग्रंथ वाचायचा आहे, अशा वाचकांसाठी हा अनुभव लिहीत आहे. याच संस्थेची १९५९ ची जुनी आवृत्ती आजही ग्रंथालयांत सर्रास आढळते, त्यामुळे नवी घ्यावी की जुनीवर भागवावे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझे मत स्पष्ट आहे: नवी घ्यावी, आणि ती प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या पाठचिकित्सेच्या, म्हणजे प्रतींतले फरक तपासून मूळ पाठ ठरवण्याच्या, टिपांसाठी घ्यावी.

आधी ग्रंथाच्या रचनेविषयी सांगतो, कारण ती माहीत नसेल तर हे खंड हाताळताना वाचक गोंधळून जातो. ‘शिजी’ची १३० प्रकरणे आहेत: सम्राटांच्या बखरींची १२, कालानुक्रमाच्या तक्त्यांची १०, विधी, संगीत, पंचांग, कालवे, अर्थकारण अशा विषयांवरची ८, सरंजामी घराण्यांची ३० आणि व्यक्तिचरित्रे व परकीय जमातींची ७०. शेवटच्या प्रकरणात ग्रंथकाराने स्वतःच एकूण अक्षरसंख्या ५,२६,५०० दिली आहे. एखादी घटना येथे एका जागी सलग भेटत नाही. छिन राजवट कोसळल्यावर सत्तेचे प्रतिस्पर्धी शियांग यू आणि पुढे हान राजवट स्थापणारा लिऊ बांग ज्यात समोरासमोर आले, तो होंगमेनच्या मेजवानीचा प्रसिद्ध प्रसंग घ्या. तो शियांग यूच्या बखरीत, म्हणजे सातव्या प्रकरणात, विस्ताराने येतो, पण त्याच प्रसंगाचे धागे आठव्या प्रकरणात लिऊ बांगच्या बखरीत, पंचावन्नाव्यात त्याचा सल्लागार झांग लियांग याच्या घराण्याच्या वृत्तान्तात आणि पंचाण्णवाव्यात त्याचा सेनानी फान ख्वाई याच्या चरित्रात विखुरलेले आहेत. त्यामुळे दोन-तीन खंड एकाच वेळी उघडे ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती लागली की कोणती गोष्ट कोणत्या माणसाच्या नावावर सांगायची, याचा इतिहासकाराने किती विचार केला आहे हे उमगू लागते. शियांग यू कधीच सम्राट झाला नाही, तरी त्याला सम्राटांच्या विभागात जागा मिळाली आहे. छिन राजवटीविरुद्ध पहिला उठाव करणारा चेन श हा मोलमजुरी करणारा माणूस आणि कन्फ्यूशियस हे दोघेही सरंजामी घराण्यांच्या विभागात बसवले आहेत. पुढे पहिल्या शतकातील इतिहासकार बान गूने ‘हानशू’ हा हान राजवटीचा इतिहास लिहिताना शियांग यू आणि चेन श या दोघांनाही उचलून चरित्रांच्या विभागात एकाच प्रकरणात टाकले. राजवंशाच्या दरबारी इतिहासाची शिस्त त्याने पाळली खरी, परंतु माझ्या मते सिमा छियेनचा निर्णय इतिहासकार म्हणून कितीतरी धाडसाचा होता.

आता आवृत्तीकडे वळू. १९५९ च्या आवृत्तीचा आधार होता नानजिंगच्या जिनलिंग शूजू या छापखान्यात १८७० मध्ये पूर्ण झालेली लाकडी ठशांची प्रत. ती झांग वनहू या विद्वानाने अनेक जुन्या प्रती पडताळून सिद्ध केली होती. त्या पाठाला विरामचिन्हे देण्याच्या कामात गू जिएगांग यांच्यासारखा, प्राचीन परंपरांकडे संशयाने पाहण्याबद्दल ख्यातनाम असलेला इतिहासकार होता. जिथे अक्षर वगळायचे तिथे गोल कंस आणि जिथे भर घालायची तिथे चौकोनी कंस, अशी त्या आवृत्तीची पद्धत होती. पद्धत सुटसुटीत होती, पण वाचकाला कंसच दिसे, कारण दिसत नसे. कारण शोधायचे तर झांग वनहूच्या टिपांचे स्वतंत्र पुस्तक शेजारी घेऊन बसावे लागे, आणि तेथेही आधुनिक संपादकांचे स्वतःचे विचार सापडत नसत. राजवंशांच्या चोवीस इतिहासांना विरामचिन्हे देण्याचा हा प्रकल्प १९५८ ते १९७८ अशी दोन दशके, सांस्कृतिक क्रांतीमुळे मध्ये पडलेल्या खंडासह, चालला. त्यातला हा पहिला ग्रंथ होता आणि घाईने पूर्ण झाला होता, हे लक्षात घेतले तर त्याबद्दलचा आदर कमी होत नाही. सुधारणेच्या नव्या प्रकल्पातही पहिला मान ‘शिजी’लाच मिळाला. नानजिंग नॉर्मल विद्यापीठातील झाओ शेंगछुन यांच्या नेतृत्वाखालील गटाने जिनलिंग प्रतच आधार म्हणून कायम ठेवली, सोंग काळापासूनच्या (दहावे ते तेरावे शतक) छापील प्रतींशी ती पुन्हा ताडून पाहिली आणि आपल्या निर्णयांची कारणे प्रकरणाच्या शेवटी क्रमवार नोंदवली.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला येथे एक फरक चटकन जाणवेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात जे काम झाले, त्यात कोणतीही एक पोथी आधार मानली नव्हती. निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या तपासून पाठ सिद्ध केला गेला आणि पाठभेद त्याच पानाच्या तळाशी दिले गेले. ‘शिजी’ची एकही संपूर्ण प्राचीन हस्तलिखित प्रत उरलेली नाही. जपानमध्ये आणि वायव्य चीनमधील तुनह्वांगच्या गुहांत सुटे तुकडे तेवढे मिळाले आहेत, बाकी सगळा व्यवहार छापील प्रतींचा आहे. म्हणून संपादक एक चांगली प्रत हाती धरतात आणि गरज पडेल तिथेच तिच्यात हात घालतात. एकोणिसाव्या शतकातली, आधीच पुष्कळ दुरुस्त्या झालेली प्रत आधाराला घ्यावी की सोंग काळातली एखादी जुनी प्रत घ्यावी, हा वाद रास्त आहे. मला स्वतःला जुनी प्रत आधाराला असती तर अधिक आवडले असते. पण संपादकांनी प्रत्येक निर्णयाचा हिशेब मांडलेला असल्यामुळे आपले मत वेगळे असले तरी ही आवृत्ती वापरता येते.

हा हिशेब किती महत्त्वाचा असतो, हे पाहायचे तर शेवटचे, १३० वे प्रकरण उघडावे. सिमा छियेनचा जन्म कधी झाला, हे मूळ ग्रंथात कुठेच नाही. इ.स.पू. ११० मध्ये वडील सिमा तान वारले आणि त्यानंतर दोन वर्षांनी तो दरबारी इतिहासकार झाला. त्या वाक्याखाली थांग काळातील (सातवे ते दहावे शतक) टीकाकार, म्हणजे भाष्यकार, सिमा झेन एक जुना उतारा देतो, त्यात नेमणुकीच्या वेळी वय अठ्ठावीस असल्याचे म्हटले आहे. पुढे इ.स.पू. १०४ च्या नोंदीखाली त्याच काळातील दुसरा टीकाकार झांग शौजिए वय बेचाळीस होते असे सांगतो. पहिल्या हिशेबाने जन्म इ.स.पू. १३५ चा ठरतो, दुसऱ्याने १४५ चा. चिनी विद्वान वांग गुओवेई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे सुचवले की पहिल्या टीपेत मुळात अडतीस असावे आणि नकल करताना तीनची एक आडवी रेघ गळून तो आकडा दोन झाला असावा. तसे मानले तर दोन्ही टिपा जुळतात. चिनी लिपीतील दोन (二) आणि तीन (三) हे आकडे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे एका रेघेवर एका मोठ्या इतिहासकाराच्या आयुष्यातली दहा वर्षे कशी लटकली आहेत हे कळेल. हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र दोन्ही टीका मूळ मजकुराजवळच छापलेल्या असल्यामुळे वाचकाला तो स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो, आणि ही सोय अनुवादात बहुधा मिळत नाही.

टीकांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. येथे तिन्ही पारंपरिक टीका आहेत: पाचव्या शतकातील पेई यीनची आणि थांग काळातील वर उल्लेखिलेल्या दोघांची. त्या छोट्या उताऱ्यांच्या शेवटी, अनुक्रमांकांनी जोडून दिल्या आहेत. पेई यीन जुने पाठभेद सांभाळतो, सिमा झेन मूळ ग्रंथकारालाही प्रश्न विचारतो आणि झांग शौजिएचा ओढा स्थळनिश्चितीकडे आहे. सुरुवातीला मजकुराचा ओघ सारखा तुटतो म्हणून त्रास होतो. मी आधी पूर्ण उतारा टीकेविना वाचतो आणि मग टीका पाहतो. हीच पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटली आहे.

विरामचिन्हे आणि विशेषनामांच्या बाजूने ओढलेली रेघ यांचे मोल वाचकाला हळूहळू कळते. होंगमेनच्या मेजवानीत कोण कोणत्या दिशेला तोंड करून बसले, हे सिमा छियेन नेमके सांगतो: शियांग यू आणि त्याचा चुलता पूर्वेकडे, वृद्ध सल्लागार फान त्सेंग दक्षिणेकडे, लिऊ बांग उत्तरेकडे आणि झांग लियांग पश्चिमेकडे तोंड करून सेवेत. पूर्वाभिमुख आसन मानाचे. पाहुणा असूनही लिऊ बांगला ते मिळाले नाही, एवढ्यावरून त्या दालनातले बळाचे गणित स्पष्ट होते. मूळ प्रतींत हे सगळे सलग अक्षरांत आहे, आणि मध्येच फान त्सेंगची ओळख करून देणारे एक छोटे वाक्य घुसलेले आहे. येथे स्वल्पविराम आणि पूर्णविराम कुठे पडतात यावर दृश्याची लय अवलंबून असते. संपादकांनी ती फार समजून जपली आहे.

नावांच्या रेघेचा खरा उपयोग १२३ व्या प्रकरणात होतो, कारण तेथे मध्य आशियातील अपरिचित नावांची गर्दी आहे. याच प्रकरणात राजदूत म्हणून गेलेला झांग छियेन परत येऊन हान सम्राट वू याला सांगतो की, दाशिया म्हणजे बॅक्ट्रियाच्या बाजारात आपल्याला नैर्ऋत्य चीनमधील बांबूच्या काठ्या आणि शू प्रांताचे कापड दिसले, आणि ते ‘शेंदू’ देशातून आणल्याचे व्यापारी म्हणाले. तो देश सखल, दमट आणि उष्ण आहे आणि तेथील लोक हत्तीवर बसून लढतात. चिनी इतिहासलेखनातील भारताच्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक आहे. त्या दोन मामुली मालांवरून नैर्ऋत्येकडून भारताला जाणारी वाट असली पाहिजे असा तर्क करून दरबाराने मोहिमा काढल्या. पुढे सातव्या शतकात श्वेनत्सांगने महाराष्ट्राचे आणि पुलकेशीचे जे वर्णन केले ते मराठी वाचकांच्या ओळखीचे असते, पण त्याआधी शेकडो वर्षे चिनी दरबारातली भारताविषयीची जिज्ञासा अशी कापड आणि काठ्यांवरून सुरू झाली होती, हे मुळातून वाचण्यात वेगळाच आनंद आहे.

या आवृत्तीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. समाविष्ट टीका थांग काळापाशी थांबतात. छिंग काळातील (सतरावे ते विसाव्या शतकाचा आरंभ) विद्वानांनी केलेली मोठी चिकित्सा आणि उत्खननांतून मिळालेली सामग्री यांसाठी इतर पुस्तके जवळ ठेवावीच लागतात. उदाहरणार्थ, १९७३ मध्ये छांगशाजवळ मावांगदुई येथील थडग्यात रेशमावर लिहिलेले मजकूर सापडले. झाओ राज्याच्या राजमातेचे मन वळवणाऱ्या वृद्ध मंत्र्याचे नाव ‘शिजी’च्या त्रेचाळिसाव्या प्रकरणात छू लुंग असे आहे, पण छिन साम्राज्यापूर्वीच्या लढत्या राज्यांविषयीच्या दुसऱ्या प्रचलित ग्रंथात ते निराळे दिसे. उभ्या ओळीत एकाखाली एक आलेली दोन अक्षरे नकलकाराने एकत्र जोडल्याने तसे झाले, असे छिंग काळातील वांग न्येनसुन याने आधीच म्हटले होते, आणि रेशमी प्रतीने त्याला दुजोरा दिला. येथे ‘शिजी’चा पाठ खरा ठरला. सू छिन या मुत्सद्द्याच्या चरित्राबाबत मात्र त्याच शोधाने सिमा छियेनच्या कालक्रमावर गंभीर प्रश्न उभे केले. ६९ वे प्रकरण वाचताना हे ध्यानात ठेवावे.

छपाई उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे आणि पारंपरिक लिपीत आहे. ज्यांची सवय सरलीकृत लिपीची आहे त्यांना पहिले काही आठवडे जड जातील. टीकांची अक्षरे बारीक आहेत, रात्री चांगला दिवा हवा. मी ज्या विक्रेत्याकडून संच मागवला त्याने तो नीट बांधला नव्हता, त्यामुळे एका खंडाचे कोपरे चेपले गेले. परदेशातून मागवणाऱ्यांनी बांधणीबद्दल आधीच विचारून घ्यावे. एखादा शब्द कुठे-कुठे आला आहे हे शोधायला तैपेईच्या अकादमिया सिनिका या संशोधनसंस्थेचा जुना आणि भक्कम डिजिटल संग्रह वापरावा आणि सापडलेली जागा छापील खंडात, टीपेसकट, तपासावी.

बरेच वाचक तक्त्यांची दहा प्रकरणे सोडून देतात, आणि अनेक अनुवादही त्यांना जवळजवळ वगळतात. मी ती आता ओळीने वाचत आहे. तेराव्या प्रकरणात, अतिप्राचीन राजांच्या बाबतीत, फक्त पिढ्या दिल्या आहेत. वर्षवार तक्ता सुरू होतो तो चौदाव्या प्रकरणात, इ.स.पू. ८४१ पासून. त्याआधीच्या वर्षांच्या नोंदी आपल्यासमोर होत्या, पण त्या परस्परांशी जुळत नव्हत्या, म्हणून त्या घेतल्या नाहीत, असे ग्रंथकार तेराव्या प्रकरणाच्या प्रस्तावनेत सांगतो. बाविसाव्या प्रकरणात हान राजवटीतील मंत्री आणि सेनापतींच्या तक्त्यात पदच्युती आणि मृत्यूच्या काही नोंदी उलट्या अक्षरांत लिहिण्याची विलक्षण परंपरा आहे, आणि तिचा अर्थ काय याविषयी विद्वानांत एकमत नाही. ज्यांना गोष्टीरूप इतिहासाची ओढ आहे त्यांनी सातव्या प्रकरणापासून सुरुवात करावी, पण चौदावे आणि पंधरावे प्रकरण शेजारी उघडे ठेवावे. चरित्रांतली वर्षे या तक्त्यांशी ताडून पाहिल्याशिवाय पुढच्या टिपांमधले अर्धे वाद समजत नाहीत.