आठ महिने कोमोडो सांभाळला, मग अंड्यांवरून भांडण झालं (आणि गेममध्ये अजून कोणते मोठे सरडे हवेत)

खरं तर रिव्ह्यू वगैरे लिहायचा काही विचार नव्हता. झू बनवायचा हा गेम घेऊन आठ महिने झाले, तोही सेलमध्ये, आणि त्याचं सरपटणाऱ्या प्राण्यांचं पॅक (वेगळे पैसे देऊन घ्यायची जादा भर) तर तीन महिने विशलिस्टमध्ये कुजवत ठेवलं आणि त्याहून मोठा सेल लागल्यावर उचललं. गेमचं नाव घेत नाही, खेळणारे ओळखतीलच. ग्राफिक्स, बिल्डिंग टूल, पायवाटा जोडताना होणारा मनस्ताप, यावर सगळ्यांनी लिहून झालंय, तिकडे मी जात नाही. माझा विषय एकच, कोमोडो, म्हणजे इंडोनेशियातला तो जगातला सगळ्यात मोठा सरडा. कारण गेल्या महिन्यात माझ्या कोमोडोने अंडी घातली.

आता यात काय एवढं, तर माझ्याकडे नरच नव्हता.

मादी एकटीच आणली होती. नर महाग होता, आणि मी गेममधले पैसेसुद्धा स्वतःच्या खिशातले असल्यासारखे जपून खर्च करतो. मस्त चाललं होतं, दोन सव्वादोन मीटरची बाई दगडावर पसरून ऊन खायची, गेस्ट फोटो काढायचे, आणि एका रात्री नोटिफिकेशन आलं की अंडी घातली. मला वाटलं संपलं, सेव्ह फाइल परत करप्ट झाली, कारण एकदा झाली होती आणि तेव्हा माझं अख्खं हत्तींचं सेक्शन गेलं होतं. लगेच गेमवाल्यांच्या सपोर्टला टिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं, स्क्रीनशॉट दिले, प्राण्यांची यादी दिली, नर कधीच नव्हता हे दाखवायला खरेदीची हिस्टरी पण दिली. दोन दिवसांनी उत्तर, "हे अपेक्षित वर्तन आहे", आणि टिकीट बंद. मी परत उघडलं. परत तेच वाक्य, परत बंद. तिसऱ्यांदा मी जरा जास्तच बोललो, रिफंडचा विषय काढला (आठ महिने खेळून रिफंड कोण देतो, पण डोकं फिरलं की माणूस काहीही मागतो). चौथ्या उत्तरात समोरच्याने एकच शब्द लिहिला होता, पार्थेनोजेनेसिस. बाकी काही नाही. नमस्कारसुद्धा नाही.

तो शब्द शोधला (नराशिवाय मादीने एकटीनेच पिल्लं काढणं) आणि माझं तोंडच बंद झालं. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर झूमध्ये फ्लोरा नावाच्या कोमोडो मादीने अंडी घातली होती आणि ती आयुष्यात कधी नराबरोबर राहिलीच नव्हती. लंडन झूमधल्या सुंगाई नावाच्या मादीचंही तसंच, नरापासून दोनेक वर्षं लांब असताना अंडी आणि त्यातून पिल्लं. डीएनए तपासला तर बाप नाहीच, सगळं आईकडूनच आलेलं. म्हणजे गेम बरोबर होता आणि मी चार टिकीटं टाकून एका माणसाला जीवशास्त्रावरून शिव्या घालायच्या बाकी ठेवल्या होत्या. खरं सांगतो, त्या रात्री पहिल्यांदा या गेमबद्दल आदर वाटला. एवढी बारीक गोष्ट कोणीतरी कोडमध्ये घातली, तीही कुठे जाहिरात न करता. सपोर्टला सॉरी लिहिलं. रेटिंग दोनवरून साडेचार केलं.

पाच दिवस टिकलं ते साडेचार.

कारण अंडी फुटली. कोमोडोची अंडी उबायला सात-आठ महिने लागतात, गेममध्ये फास्ट फॉरवर्डवर चहा होईपर्यंत होतं, ते ठीक आहे, गेम आहे. पाच पिल्लं निघाली. एकेकावर क्लिक केलं. नर, मादी, मादी, नर, मादी.

इथे मी परत उठून बसलो. एव्हाना मी या विषयात घरचा डॉक्टर झालो होतो. कोमोडोमध्ये आपल्यासारखं एक्स-वाय नसतं. नराकडे दोन्ही गुणसूत्रं झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. नर नसताना पिल्लू होतं तेव्हा आईच्या त्या दोनातलं एकच दुप्पट होऊन पिल्लाकडे जातं, म्हणजे एकतर झेड-झेड नाहीतर डब्ल्यू-डब्ल्यू. डब्ल्यू-डब्ल्यू जगत नाही. म्हणजे जी पिल्लं जगतात ती सगळी नर, एकूण एक. फ्लोराची पिल्लंसुद्धा नरच होती. आणि यातच तर खरी गंमत आहे, एकटी मादी पोहत कुठल्या बेटावर पोचली तर ती आधी मुलगे काढू शकते आणि मग, जाऊ दे, पुढचं तुम्हाला कळलं असेल. तर माझ्या झूमधल्या त्या तीन पोरी जगात शक्यच नाहीत. ज्याने कोणी हे फीचर लिहिलं त्याने निम्मं वाचलं आणि पुढे नेहमीचा फिफ्टी-फिफ्टी कोड तसाच ठेवला. पाचवं टिकीट. यावेळी भाषा सभ्य, पण पानभर. उत्तर आलं, "सूचनेबद्दल धन्यवाद, टीमपर्यंत पोचवतो." मला माहितीये हे किती फालतू कारण आहे रेटिंग कमी करायचं. कोणाला फरक पडतो. पण चूक पूर्ण अज्ञानातून झाली असती तर सोडून दिलं असतं, हे अर्धं बरोबर करून सोडलंय ना, ते दाताखाली खड्यासारखं लागतं.

मग अशी खोड काढायची सवय लागली की बाकीचंही दिसायला लागतं. माहितीच्या पॅनेलवर अजून लिहिलंय की कोमोडोच्या तोंडात घाण बॅक्टेरिया असतात आणि चावल्यावर सावज त्यानेच मरतं. २००९ मध्येच त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं दाखवून झालंय, विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब पडतो. पॅनेलचा मजकूर बदलायला कितीसा खर्च येतो?

तापमानाचं तर बोलूच नका. पूर्ण एनक्लोजरला, म्हणजे प्राण्याच्या बंदिस्त जागेला, एकच आकडा. तीस अंश म्हटलं की भिंतीपासून भिंतीपर्यंत तीस. सरड्याला एक आकडा नको असतो, त्याला एका टोकाला तापलेला दगड हवा, दुसऱ्या टोकाला सावली आणि ओलावा, आणि मधे तो दिवसभर ये-जा करून स्वतःचं अंग हवं तेवढं गरम ठेवतो. हीच तर त्याची सगळी दिनचर्या आहे. माझी बाई दगडावर पसरते ते फक्त ॲनिमेशन आहे हे कळलं तेव्हा जरा वाईटच वाटलं, हीटर बंद करून बघितला, तरी तिथेच पसरली.

पिल्लं पण आईच्या मागेमागे फिरायची, बदकासारखी. गेस्ट लोक हृदयाच्या इमोजी उडवत होते. खऱ्या कोमोडोचं पिल्लू मोठा कोमोडो दिसला की झाडावर पळतं, कारण मोठे कोमोडो लहानांना खातात, आणि म्हणून पहिली काही वर्षं ती झाडावरच काढतात. खऱ्या झूमध्ये पिल्लं वेगळीच वाढवतात.

दोन आठवड्यांनी ॲड करतोय: वरचं लिहून ड्राफ्टमध्ये पडलं होतं आणि मधे गेमचा पॅच (अपडेट) आला. आता पिल्लं झाडावर चढतात! खोडाला चिकटून वर जातात, फांदीवर पोटावर झोपतात, आई खालून गेली की अजून वर सरकतात. मी अर्धा तास नुसता तेच बघत बसलो. पॅचच्या यादीत याचा उल्लेख "किरकोळ सुधारणा" मध्ये. म्हणजे टीममध्ये कोणीतरी आहे ज्याला सरडे कळतात आणि त्याला कोणी विचारत नाही, असं माझं ठाम मत झालंय. त्यामुळे पुढचं त्या माणसासाठी लिहितो, कारण आता चढायचं ॲनिमेशन तयार आहे तर त्यावर पुढच्या पॅकमध्ये काय काय घेता येईल बघ बाबा.

सगळ्यात आधी क्रोकोडाइल मॉनिटर (मॉनिटर म्हणजे आपल्या घोरपडीच्या जातीतले सरडे). न्यू गिनीचा, झाडावर राहणारा, आणि लांबीला अडीच मीटरपर्यंत जाणारा, पण त्यातली बरीचशी लांबी नुसत्या शेपटीची, शेपूट बाकीच्या अंगाच्या दुप्पट. वजनात कोमोडोच्या जवळपासही नाही. याच्यासाठी एनक्लोजर आडवं नाही, उभं बांधावं लागेल, आणि हा गेम खेळणाऱ्यांना उभं काही बांधायला कारणच मिळत नाही, तेच तेच तीन मीटरचं कुंपण आणि एक तळं.

दुसरी वॉटर मॉनिटर, पाण्यातली घोरपड. श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंत सापडते, दोन मीटर सहज ओलांडते, बँकॉकच्या लुंपिनी पार्कात तर लोक जॉगिंग करत असतात आणि बाजूने ही चाललेली असते. हिचं मॉड (खेळणाऱ्यानेच बनवलेली भर) आहे, मी टाकून बघितलं, कोमोडोच्याच सांगाड्यावर नवीन कातडं चढवलंय. दिसते झकास. पाण्यात उतरली आणि तळाशी चालायला लागली. चालायला! ही पोहते तेव्हा पाय अंगाला चिकटवून घेते आणि चपट्या शेपटीने वल्हवते, मगरीचं पोहणं गेममध्ये आहेच, तेच थोडं वाकवून दिलं असतं तरी चाललं असतं. मॉडवाल्याला दोष देत नाही, फुकट दिलंय त्याने. पैसे घेणाऱ्यांनी करायला हवं होतं. आणि कृपा करून हिला त्या काचेच्या खोक्यात घालू नका जसं हिरव्या इग्वानाला घातलंय. दीड मीटरचा, झाडावरून थेट पाण्यात उडी मारणारा प्राणी, आणि दिलाय काय तर भिंतीतला टीव्ही.

पेरेंटीची मागणी सगळेच करतात, ऑस्ट्रेलियातला सगळ्यात मोठा सरडा म्हणून. द्या. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर गेममध्ये तो ठिपक्यांचा कोमोडो होणार, मी फक्त त्याच्यासाठी पॅक घेणार नाही.

घेईन ते फळं खाणाऱ्या घोरपडीसाठी. फिलिपिन्समध्ये ब्युटान म्हणून एक आहे, मोठी, दणकट, नखं बघितली तर वाटेल आता कोणाचा तरी जीव जाणार, आणि ही झाडावर चढून केवड्याच्या जातीच्या झाडांची फळं खाते, सोबत गोगलगायी. तिची एक चुलत बहीण, दोन मीटर लांबीची, विज्ञानाच्या पुस्तकात नोंदवली गेली थेट २०१० मध्ये, तिथल्या जंगलातल्या लोकांना अर्थात आधीपासून माहीत होती. गेममध्ये गेस्टना शिक्षण द्यायचे बोर्ड असतात ना, कोणी वाचत नाही ते, तिथे मांसाहारी दिसणाऱ्या राक्षसासमोर कीपर फळांची टोपली ठेवतोय हे दाखवा, वाचतील.

इग्वानांमध्ये माझं मत ग्रँड केमनच्या निळ्या इग्वानाला. कारण या गेममध्ये प्राणी वाढवून जंगलात सोडायची सोय आहे आणि ती कोणी वापरत नाही, सोडलं की एक हिरवं टिकमार्क येतं आणि विषय संपतो. हे इग्वाना २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जंगलात पंचवीससुद्धा उरले नव्हते, मग लोकांनी पिंजऱ्यात वाढवून सोडायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये हजारावा इग्वाना सोडला. अख्खं करिअर मोडचं एक लेव्हल यावर बसतं, आणि स्टोरी लिहायला माणूस पण ठेवायला नको.

टेगू पण हवा, काळापांढरा अर्जेंटिनाचा, पण तापमानाची सिस्टीम सुधारल्यावरच. विणीच्या दिवसांत तो पहाटे बिळातसुद्धा स्वतःचं अंग आजूबाजूपेक्षा दहा अंशांपर्यंत गरम ठेवतो, सरडा असून. सध्याच्या एका आकड्याच्या सिस्टीममध्ये त्याला घालणं म्हणजे फुकट घालवणं.

समुद्री इग्वाना मात्र नको. माहितीये, शिव्या पडतील. गालापागोसचा, समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा, नाकातून मीठ शिंकरणारा, एल निनोत खायला कमी पडलं तर लांबीनेच आखूड होणारा, सगळं मान्य, मलाही भारी आवडतो. पण खऱ्या झूमध्ये तो जवळपास कुठे नसतोच, त्याचं खाणं आणि समुद्र उभा करणं अवघड आहे. झूच्या गेममध्ये झूमध्ये ठेवता येईल असंच असावं. आणि प्रत्येक यादीत न्यूझीलंडचा टुआटारा टाकणाऱ्यांनो, तो सरडा नाही. दिसतो तसा. नाहीये.

तर रेटिंगचं काय. झाडावरच्या पिल्लांसाठी वर नेलं, काचेच्या खोक्यासाठी खाली आणलं, सध्या साडेतीन. पॅक पूर्ण किमतीत घेऊ नका, सेल दर दोन-तीन महिन्यांनी लागतोच, थांबा. गेम आधीच असेल आणि सरड्यांचं वेड असेल तर सेलमध्ये डोळे झाकून घ्या, एकट्या कोमोडोवर माझे दोनशेच्या वर तास गेलेत, त्यातले वीसेक तास टिकीटं लिहिण्यात.

पाचवं टिकीट अजून उघडं आहे. तीनही पोरी मोठ्या झाल्यात, त्यांना वेगळं एनक्लोजर दिलंय, गेमच्या नियमाने त्या आहेत तर आहेत. आणि काल रात्री म्हातारीने परत अंडी घातली, यावेळी सात. सातही नर निघाले तर चार करीन.