नव्या गाडीचे पहिले वर्ष आणि रत्नागिरीतील अधिकृत सर्व्हिस सेंटर

पेट्रोलवर चालणारी आमची छोटी हॅचबॅक बहुतेक शहरातच फिरते आणि अधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूरला जाते. नोंदणीची पहिली १५ वर्षे ही गाडी नीट चालली पाहिजे, असे घेतानाच ठरवले होते. त्यामुळे १,०००, ५,००० आणि १०,००० किलोमीटरच्या, मजुरी माफ असलेल्या तिन्ही सर्व्हिस कंपनीच्या सेंटरमध्येच करून घेतल्या.

नेमून दिलेले काम येथे खरोखर मनापासून होते. तिसऱ्या सर्व्हिसला पुस्तिकेत दिलेल्या ०डब्ल्यू-१६ श्रेणीच्याच ऑइलचा सीलबंद डबा समोर उघडला, फिल्टर बदलला आणि डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून पातळी दोन खुणांच्या मध्ये असल्याचे दाखवले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाट उतरताना तापलेले ब्रेक दगा देण्याची शक्यता वाढते. म्हणून ते पुढच्या वर्षी बदलावे लागेल, अशी नोंद सल्लागाराने आपणहून जॉबकार्डावर केली.

सर्वांत मोलाचे काम मात्र जॉबकार्डावर नव्हतेच. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी जी बारीक भोके असतात, ती तांबड्या चिखलाने बुजली होती. मेकॅनिकने त्यांत पातळ तार फिरवताच दाराच्या पोकळीत साचलेले पाणी टपटप खाली गळू लागले. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्यात खारी हवा, अशा ठिकाणी पत्रा आतून गंजू लागतो आणि बाहेर रंगाला फुगवटा येईपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानेही त्याने काढली. किनारपट्टीवरील प्रत्येक सर्व्हिस सेंटरने ही तपासणी ठरलेल्या कामांतच धरावी, असे मला कळकळीने वाटते.

नाराजी आहे ती अंदाजपत्रकाबद्दल. जेमतेम १०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीसाठी इंजिन फ्लश, इंजेक्टर सफाई आणि टेफ्लॉन कोटिंग अशी तीन जादा कामे त्यात आधीच घातलेली होती. यांपैकी एकही काम पुस्तिकेच्या वेळापत्रकात नाही. विचारल्यावर "मॅडम, बहुतेक जण करून घेतात" असे उत्तर मिळाले; पुस्तिकेतील पान दाखवल्यावर तिन्ही कामे वाद न घालता काढून टाकण्यात आली. ज्यांनी पुस्तिका उघडलेली नाही, त्यांच्याकडून मात्र हे पैसे जातात आणि ते योग्य नाही.

दुसरी त्रुटी टायरच्या हवेची. चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर ३३ चा आकडा असताना चारही टायरमध्ये सरसकट ३६ हवा भरली होती. हवा सतत जास्त राहिली की टायर मधोमध लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावरील पकडही कमी होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना हवा पुन्हा तपासून घ्यावी.

गाडीखालचे गंजरोधक कोटिंग हे पुस्तिकेबाहेरचे असले, तरी आपल्या भागात मी ते आवश्यक मानते. येथे ते चांगले करतात, परंतु गाडी खालून धुऊन पूर्ण वाळल्यावरच फवारणी होईल याची खात्री करावी, कारण ओल्या पत्र्यावर मारलेला थर ओलावा आतच कोंडतो. समुद्रकिनारी जाऊन आल्यावर साध्या पाण्याने खालचा भाग धुणे हे काम तरीही मालकालाच करावे लागते.

पुढची सर्व्हिसही मी येथेच करून घेणार आहे. पावसाच्या तोंडावर येथे फार गर्दी होते, त्यामुळे कोटिंगसाठी एप्रिलमध्येच वेळ घ्यावी आणि वाळवण्यासाठी गाडी एक रात्र तेथे ठेवण्याची तयारी ठेवावी.