आठवड्याचा तक्ता की घरातला साठा?

जेवणाचं नियोजन करावं असं वाटायला लागतं ते पैशांमुळे नाही, ‘आज काय करायचं?’ या रोजच्या कटकटीमुळे. पैशांचं कारण आपण मागाहून जोडतो. निदान आमच्याकडे तसंच झालं. आम्ही दोघंही नोकरी करणारे, दोघांच्याही घरी यायच्या वेळा बेभरवशाच्या, आणि मुलगा दारातूनच ‘भूक लागली’ म्हणत येणारा. दोन पद्धती आम्ही मनापासून वापरल्या: आठवड्याचा तक्ता आणि घरातला साठा बघून ठरवणं. सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराचं एकदम रांधून ठेवायचा प्रयोगही केला, पण तो महिनाभरातच गुंडाळला.

तक्ता म्हणजे सात वारांपुढे सात पदार्थ आधीच लिहायचे आणि त्यावरून सामानाची यादी करायची, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्याबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरं आहे. यादी हातात असली की यादीबाहेरचं सामान घरात फारसं शिरत नाही. मी हिशेबाची वही ठेवली नव्हती, पण पहिल्या दोन महिन्यांत महिनाअखेर जरा कमी ओढाताणीची गेली एवढं नक्की आठवतं. दुसरं म्हणजे जो आधी घरी येईल तो कागद बघून कामाला लागतो, एकमेकांना फोन करावा लागत नाही. उद्या राजमा आहे हे दिसत असल्यामुळे तो आदल्या रात्री भिजत पडतो. राजमा काही घाईत उरकण्यातला नाही. नीट भिजवून, खळखळून उकळूनच तो खावा लागतो, अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडलंच म्हणून समजा. साठ्याच्या पद्धतीत हे भिजवणं आम्ही आजही विसरतो.

पण तक्त्याला उशीर कळत नाही. आमचा बुधवार पालकाचा होता. एका बुधवारी दोघांनाही यायला साडेआठ झाले. पालक निवडा, धुवा, चिरा, एवढा दम कोणात होता? अंडी उकडली, भाताशी खाल्ली, आणि कागदावर पालकापासून गुरुवारकडे एक बाण काढला. गुरुवारी फ्लॉवर आधीच चिरून ठेवलेला, म्हणून बाण शुक्रवारकडे. शुक्रवारी मुलाने विचारलं, “बाबा, आज काय आहे?” मी कागद बघून ऐटीत ‘पालक’ म्हणालो आणि फ्रिजचा खालचा कप्पा ओढला. पिशवीत हिरवट काळं पाणी होतं आणि त्यात बुडालेली देठं.

एकदाच झालं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण दर आठवड्याला काही ना काही सरकायचं, आणि एक वार सरकला की मागचे सगळे सरकायचे. शिवाय अर्ध्या वस्तूंचा त्रास वेगळाच. एका पदार्थाला कोथिंबिरीची अर्धी जुडी लागते, आणावी लागते पूर्ण. अर्धा कोबी, पाव वाटी दही, दोन चमचे वापरून झाकून ठेवलेली टोमॅटोची पेस्ट. उरलेल्याला तक्त्यात वार नसतो. पुढच्या शनिवारी आपण कोऱ्या कागदावर नवे सात पदार्थ लिहितो आणि नवी यादी करतो. जुनं अर्धं तसंच मागे ढकललं जातं, सापडतं तेव्हा कचऱ्यातच जातं. स्वस्त म्हणून घेतलेली मोठी जुडी निम्मी फेकली, तर ती दुप्पट भावाने पडली की नाही?

अन्न वाया जातं ते हॉटेलांत आणि समारंभांत, असा माझा समज होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात २०२२ सालचा अंदाज आहे: विक्री, खानपान आणि घरं मिळून जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधलं. त्या ६० टक्क्यांत आमचाही पालक असणार.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. तांदूळ, दोन-तीन डाळी, कांदे, बटाटे, अंडी आणि गोठवलेले मटार एवढं घरात कायम असतं. ताजी भाजी आठवड्यातून दोनदा आणि थोडीच आणायची. पदार्थ ठरवायचा नाही, क्रम ठरवायचा: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, फ्लॉवर आणि बीन्स त्यानंतर, कोबी आणि गाजर सगळ्यात शेवटी. फ्रिजचा मधला कप्पा ‘आधी हे’चा. अर्धं, उरलेलं, सुकायला लागलेलं सगळं तिथे डोळ्यांसमोर राहतं, आणि संध्याकाळचा विचार तिथूनच सुरू होतो. उशीर झाला तर डाळ-भात होतो, पण त्यामुळे काही मोडत नाही, कारण मोडायला वेळापत्रकच नाही.

शिजवलेल्या अन्नाचे नियम मात्र पाळावे लागतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, फ्रिज ५ अंशांच्या खाली, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. भात त्याहूनही लवकर, दुसऱ्या दिवशीच. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, म्हणून तो रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी गरम करून भागत नाही.

या पद्धतीचेही दोष आहेत. तोचतोचपणा येतो. सलग तीन दिवस कोबी खाल्ल्यावर मुलाने एकदा ताट सरकवलं होतं. बाजाराच्या दोन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत काहीतरी जास्तीचं पिशवीत पडतं. आणि घरात काय आहे, काय संपत आलंय हे कोणाच्या तरी डोक्यात सतत चालू राहतं. आमच्याकडे ते बायकोच्या डोक्यात चालू होतं, आणि मला वाटत होतं की पद्धत आपोआप चालली आहे. दोन महिन्यांनी तिने सरळ विचारलं, “मीठ संपलंय हे तुला कधी कळणार आहे?” तेव्हापासून फ्रिजच्या दारावर एक यादी आहे आणि ती लिहायचं काम माझं.

एकदम रांधून ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगतो: तीन-चार दिवसांची मर्यादा बघता निम्मं तरी फ्रीझरमध्ये जायला हवं. आमचा फ्रीझर छोटा, आणि त्यातून काढलेला बटाटा कोणी खाईना. मोठा फ्रीझर आणि मोकळी सुट्टी असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या घरी यायच्या वेळा ठरलेल्या असतील, कोणाचं पथ्य सांभाळायचं असेल किंवा महिन्याचे पैसे आठवड्या-आठवड्याने वाटूनच खर्च करावे लागत असतील, तर तक्ता बरा, असं मला आजही वाटतं. फक्त सातऐवजी पाचच वार भरा. पण ज्यांची संध्याकाळ आमच्यासारखी कधीही कलंडते, त्यांनी तक्त्याच्या वाटेला फारसं जाऊ नये. तक्ता मोडला की माणूस स्वतःलाच दोष देतो आणि बाहेरून जेवण मागवतो. आम्ही तरी तेच करायचो.

तक्ता लावायचो त्याच जागी आता यादी असते. कालची नोंद अशी: अर्धा कोबी, दोन टोमॅटो, परवाची डाळ. डाळ आज रात्री संपवायची आहे. कोबीबद्दल मुलाला अजून सांगितलेलं नाही.