लोककथांचा चित्रकार्ड-संच: कथा उत्तम, तात्पर्य झाकून ठेवा

३ ते ६ वयोगटासाठी ‘मूल्यशिक्षण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या संचात समोर मोठं चित्र आणि मागे मजकूर आहे. १५-२० मुलांच्या अर्धगोलात मागच्या मुलालाही चित्र दिसतं. गुळगुळीत कागद मात्र उजेडात चमकतो, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसा.

चिऊ-काऊची कथा सगळ्यांत जमली आहे. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे पालुपद दर वेळी मुलांनाच म्हणू द्या. तिसऱ्या हाकेला थांबून विचारा, ‘बाहेर काऊला कसं वाटत असेल?’ आणि दहा सेकंद गप्प राहा. घाईने उत्तर पुरवलं की विचार तिथेच संपतो. संच नेमका इथेच चुकतो: कार्डावर ‘इतरांना मदत करावी’ असं ठळक छापलंय. त्यावर कागद चिकटवा.

भोपळ्यातल्या म्हातारीला ‘खरे बोलावे’ हे शीर्षक तर साफ चुकीचं आहे. ती वाघाला चकवूनच वाचते! तिथे धीर आणि युक्तीबद्दल बोला.

एक कथा आठवडाभर चालवा: दोन दिवस ऐकणं, दोन दिवस नाट्य, मग चित्र. रोज नवी कथा घेतली तर पालुपदही रुजत नाही. शिवाय आजीची बोली वापरा, छापील प्रमाणभाषेत कथा कोरडी पडते.