लाइन जाणाऱ्या गावातून ग्रोमॅक्स

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात लाइन गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही. म्हणून ग्रोमॅक्स या रेणूंची हालचाल कॉम्प्युटरवर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची माझी आवडती गोष्ट वेग नाही, चेकपॉइंट आहे. दर 15 मिनिटांनी तो स्थिती जपून ठेवतो. मी ते 5 वर आणलंय. लाइन आली की तिथूनच पुढे.

1990च्या दशकात नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनमध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, राजेहो! जुन्या लॅपटॉपवर मी डीपीपीसी नावाच्या लिपिडाच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, 128 रेणूंचा पेशीच्या आवरणासारखा दोन थरांचा पडदा बांधला, एका थरात 64. पाणी ओतलं आणि तापमान वाढवत गेलो. खऱ्या प्रयोगात हा पडदा 41 अंशांना घट्टपणा सोडून वाहता होतो. आमच्याकडे मे महिन्यात हे तापमान दुपारच्या जेवणाआधीच येतं, त्यामुळे बीएस्सीच्या पोरांना वेगळं समजवावं लागलं नाही.

सगळे अणू मोजायला लॅपटॉप दमतो. मग मार्टिनी नावाचं ढोबळ मॉडेल घ्यायचं: साधारण चार जड अणूंचा (हायड्रोजन सोडून) एक मणी. काम भरभर होतं, पण वितळण्याचा आकडा खऱ्यापेक्षा बराच खाली येतो. तो अहवालात जसाच्या तसा टाकू नका. मी टाकला होता, गाईडबाईंनी लाल पेनानं वही रंगवली.

बटणं-खिडक्या नाहीत, सगळं टाइप करायचं. ‘लिंक्स वॉर्निंग’, म्हणजे अणूंमधले बंध जास्त ताणले गेल्याचा इशारा, आली की बहुधा मीच सुरुवातीला अणू नीट बसवून पडद्याची ऊर्जा कमी केलेली नसते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापलाय, कारण पंख्याच्या आवाजानं आजी उठते.