शहापुरातला इंग्रजी लेखनाचा वर्ग: रंगापुढे विथ, इन की फ्रॉम?

साडी, खण, ड्रेस मटेरियल ऑनलाइन विकणाऱ्यांनी आणि फोटोखालच्या चार इंग्रजी ओळी स्वतः लिहू पाहणाऱ्यांनी बेळगावच्या शहापुरातल्या या वर्गाला जरूर जावं. हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक सर घराच्या माडीवर तो चालवतात. बाहेर पाटी नाही. वडगाव-खासबागच्या मागवाल्यांची मुलं, खडेबाजारातल्या दुकानांत काउंटर सांभाळणाऱ्या मुली आणि माझ्यासारख्या, सासरच्या मागांवरचा माल मोबाइलवर विकणाऱ्या सुना तिथे येतात. मी वर्ग पूर्ण केलाय आणि नणंदेलाही घातलंय.

सर बरंच काही शिकवतात. मी इथे एकाच भागाबद्दल लिहिते: रंगाच्या शब्दानंतर कुठलं प्रिपोझिशन घ्यायचं. आमच्या धंद्यात रंगाशिवाय वाक्यच होत नाही, आणि हा भाग इतका मनापासून शिकवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आधी मी मोबाइलवरच्या एका ॲपवर शिकत होते. ते ‘ग्रीन’ आणि ‘एन्व्ही’ यांच्यामधली जागा भरायला सांगायचं, ‘विथ’ला टिक द्यायचं आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. विथच का, याचा पत्ता नाही.

सर सुरुवात करतात ती आपल्या तोंडच्या भाषेपासून. मराठीत माणूस रागाने लाल होतो, थंडीने काळानिळा पडतो, भीतीने पांढराफटक होतो. सगळीकडे एकच ‘ने’. शाळेत ‘ने’ला ‘बाय’ असं घोकलेलं असतं, म्हणून आमचा हात ‘रेड बाय अँगर’ लिहून मोकळा होतो. शेजारी बसलेला कन्नड माध्यमाचा मुलगा ‘रेड फ्रॉम अँगर’ लिहितो. कन्नडमध्ये रागाने लाल व्हायचं ते ‘सिट्टिनिंद’ आणि घरातून निघायचं ते ‘मनेयिंद’, दोन्हीकडे ‘इंद’च. म्हणजे चूक एकाच जागी, पण तिचं मूळ दोघांचं वेगळं. सरांना दोन्ही भाषा घरच्यासारख्या येतात, त्यामुळे ते आमची वही मराठीतून सुधारतात आणि त्याची कन्नडमधून. नुसतं लाल पेन फिरवणाऱ्या शिक्षकाकडे हे मिळणार नाही. बेळगावात शिकण्याचा हा खरा फायदा आहे असं मी म्हणेन.

मग ‘विथ’ येतं. राग, मत्सर, थंडी, जी गोष्ट अंगात भरलीय आणि आत्ता या घडीला रंग दाखवतेय, तिच्याआधी विथ. रेड विथ अँगर, ग्रीन विथ एन्व्ही, ब्लू विथ कोल्ड. वस्तूंनाही तेच. चुलीवरचं पातेलं ब्लॅक विथ सूट, कारण काजळी अजून त्याच्यावरच आहे. आजीच्या पेटीतलं धोतर यलो विथ एज. ‘फ्रॉम’चं काम थोडं वेगळं: कारण घडून गेलं, खूण मागे राहिली. रडून झालं तरी डोळे लाल, तिथे आईज रेड फ्रॉम क्राइंग. उन्हातून आलेली माणसं ब्राउन फ्रॉम द सन. आमच्यातल्या एकीने विचारलं, “सर, मग रडून लाल झालेल्या डोळ्यांना विथ कधीच चालत नाही का?” सर म्हणाले, “चालतं की! जुन्या गोष्टींत रेड विथ वीपिंग भरपूर सापडेल.” ही रेघ काही दगडावरची नाही, कल कुठे आहे ते ओळखा, एवढंच त्यांचं म्हणणं. मला हे फार आवडलं. नियमाला अपवाद आहे हे लपवलं नाही, आणि अपवाद आहे म्हणून नियमही सोडला नाही.

चेहऱ्यावर रंग नेमका कुठे चढलाय ते सांगायचं असेल तर रेड इन द फेस. केस कानशिलांपाशी पिकायला लागले असतील तर ग्रे ॲट द टेंपल्स. हे दोन प्रकार सरांनी भराभर घेतले. साड्यांना त्यांचा उपयोग नाही, तरी थोडा वेळ जास्त दिला असता तर बरं झालं असतं.

साड्यांवर आलो तेव्हा वर्गात जीव आला. सर प्रत्येकाला आपापल्या मालाचे फोटो आणायला लावतात आणि त्यांवरच शिकवतात. हिरव्या अंगाची, लाल काठाची साडी म्हणजे ग्रीन विथ अ रेड बॉर्डर. तीच साडी दुसऱ्या रंगात हवी असेल तर द सेम साडी इन मरून. निळ्या अंगावर पांढरी बुट्टी असेल तर व्हाइट मोटिफ्स ऑन ब्लू. आधी नक्षी, मग ‘ऑन’, मग अंगाचा रंग. पदर गडद निळ्यापासून फिका होत पांढऱ्यावर येत असेल तर ब्लू फेडिंग टू व्हाइट. खासबागच्या एका मुलाच्या फोटोखाली ‘मस्टर्ड इन रेड बॉर्डर’ असं होतं. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाने त्याला विचारलं होतं, काठ दोन्ही रंगांत मिळतो का? एका ‘इन’ने एवढा घोळ होतो, आणि परत आलेल्या साडीचा कुरिअर खर्च आपल्याच डोक्यावर बसतो.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट होती धूपछांव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, मग कापड हलवलं की रंग बदलतो. मी त्यासाठी ‘डबल कलर’, ‘मिक्स कलर’ असं काहीबाही वाचत आले होते. इंग्रजीत अशा कापडाला शॉट म्हणतात, आणि त्याच्यापुढे पुन्हा विथ: ग्रीन शॉट विथ रेड. आमच्या मागावर जे विणलं जातं त्याला नेमकं नाव आणि नेमकं प्रिपोझिशन दोन्ही मिळालं. त्या दिवशीची वही मी सासऱ्यांना वाचून दाखवली.

कुठे काहीच लावायचं नाही, हेही सर तितक्याच जोराने सांगतात. डाय्ड रेड, टर्न्ड यलो, मध्ये काही नको. ‘रेड इन कलर’मधलं ‘इन कलर’ खोडा, लाल हा रंगच असतो. आणि इन रेड व इन द रेड यांत गल्लत नको. साडी इन रेड असते; दुकान इन द रेड असलं तर ते तोट्यात आहे. वहीत तोटा लाल शाईने मांडायच्या पद्धतीवरून ते आलं. नफ्यात असलेलं दुकान इन द ब्लॅक.

सर साध्या इंग्रजी-मराठी कोशावर भागवू देत नाहीत, लर्नर्स डिक्शनरी उघडायला लावतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर परभाषकांसाठी एक कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. या वळणाच्या कोशांत अर्थाबरोबर शब्द वाक्यात कसा बसतो तेही दाखवलेलं असतं. रंगाच्या शब्दाखालची उदाहरणं वाचायची आणि त्याच्यापुढचं प्रिपोझिशन वहीत उतरवायचं, हा गृहपाठ रोज असतो. कंटाळवाणा वाटेल, पण करा. माझा हात त्यानेच वळला.

आता उणिवा. बोलायचा सराव जवळजवळ नाही. गिऱ्हाइकाशी फोनवर इंग्रजीत बोलायचं असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. छापील नोट्स मिळत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घ्यावं लागतं, आणि मागच्या रांगेतून फळा नीट दिसत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा. सकाळची वेळ बायकांना अडचणीची आहे. पाणी, डबे, मुलांची शाळा उरकून पोहोचेपर्यंत अर्धा तास बुडतो. दुपारी तीन-चारच्या सुमाराला एक तुकडी काढली तर वडगावातल्या कितीतरी जणी येतील. हे मी सरांना सांगितलंय आणि ते विचार करतो म्हणालेत.

फी महिन्याची, दोन हप्त्यांत दिली तरी चालते, आणि मला ती रास्त वाटली. दसरा-दिवाळीत आम्ही सगळेच मालात गुंतलेले असतो, त्यामुळे नवीन तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. जाताना आपल्या मालाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, कागदावर काढून न्या, कारण सर त्यांच्या पाठीवरच वाक्यं लिहायला लावतात.