अलॉयच्या चऱ्याला पुट्टी लावायच्या आधी हे वाचा

लांबलचक होणार आहे, पण ज्यांची अलॉय व्हील्स फुटपाथला घासलीत आणि जे रात्री अकरा वाजता मोबाईलवर "पाच मिनिटांत नव्यासारखी" वाले व्हिडिओ बघत बसतात त्यांनी तरी वाचा, कारण मी पण तसाच बसलो होतो.

झालं असं की मे महिन्यात आत्याला सोडायला इंदूरच्या रामबागेत गेलो होतो, गल्लीत समोरून लोडिंग रिक्षा आली म्हणून गाडी जरा डावीकडे दाबली आणि खर्रर्र. तो आवाज थेट पोटात जातो. उतरून बघतो तर डावीकडची पुढची-मागची दोन्ही चाकं घासलेली, पुढच्याच्या कडेचा तर टवकाच उडालेला. गाडीला जेमतेम आठ महिने झालेले, आणि त्या चमकणाऱ्या चाकांसाठीच बायकोशी वाद घालून टॉप मॉडेल घेतलेलं. ती काही बोलली नाही, नुसती चाकाकडे बघून घरात गेली, ते जास्त लागलं.

छोटी ग्वालटोलीत, म्हणजे गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात, विचारलं तर एका चाकाचे साडेतीन हजार, वर दोन दिवस चाक ठेवून जा म्हणे. मला वाटलं हे लुटतायत. (ते लुटत नव्हते, पण तेव्हा कोण समजावणार.) त्याच रात्री ती जाहिरात आली. घासलेलं चाक, त्यावर माणूस बोटाने कसलीशी पेस्ट फिरवतो, पुसतो, चाक चकाचक. किंमत १,१४९, पैसे माल आल्यावर. मी म्हटलं घरी आल्यावर पैसे द्यायचेत तर फसवतील कसे?

असे फसवतात. कुरिअरवाला आधी पैसे घेतो, मग खोका हातात देतो. आत करड्या पुट्टीची ट्यूब, हार्डनरची एक चिमुकली ट्यूब, पॉलिश पेपरचे तीन तुकडे ज्यांच्यामागे नंबर पण छापलेला नाही, आणि नेलपॉलिशच्या बाटलीएवढा सिल्व्हर रंग. प्रायमर नाही, वरून मारायचा क्लिअर (पारदर्शक थर) नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. हे सगळं पॅकबंद मालावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण रविवार होता, पोहे-जलेबी खाऊन अंगात उत्साह होता.

जॅक लावला, पुढचं चाक काढलं. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका कापून गोल खोचल्या, ही आयडिया मात्र खरंच चांगली आहे. मावसभावाच्या पत्रिकेवरच्या सोनेरी गणपतीला सिल्व्हर रंगाचा थेंब लागला तेव्हा आई ओरडली, "अरे देवाला तरी सोड!" घासलं, पुट्टी भरली, परत घासलं, रंग लावला. दहा फुटांवरून बरं दिसत होतं. जवळून बघितलं तर चाकावर पांढरा डाग पडल्यासारखं.

आता मुख्य गोष्ट, जी मला नंतर कळली. माझी चाकं साधी रंगवलेली नाहीत, डायमंड कट आहेत. म्हणजे आधी पूर्ण चाक रंगवतात, मग लेथवर पुढच्या भागाचा पातळ थर कापून आतलं ॲल्युमिनियम उघडं करतात आणि वर क्लिअर लॅकर मारतात. उन्हात तिरपं बघितलं तर जुन्या रेकॉर्डसारख्या बारीक गोल रेघा दिसतात, चमक त्या रेघांची असते. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की रेघा गेल्या, आणि कुठलाही सिल्व्हर रंग त्या परत आणू शकत नाही. परत लेथच. आणि लेथ पण कितीदाही करता येत नाही, दरवेळी धातू कमी होतो. वरचं लॅकर फोडून ठेवलं की पाणी आत शिरतं आणि ॲल्युमिनियमवर पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात. पहिल्या पावसातच माझ्या चाकावर दिसायला लागल्या.

साधं सिल्व्हर रंगवलेलं चाक असेल आणि चरा वरवरचा असेल तर घरी जमतं, नाही असं नाही. पण मग पेंटच्या दुकानातून नंबर बघून २४०, ४००, ६०० चे पेपर घ्या, ॲल्युमिनियमला धरणारा एच (etch) प्रायमर घ्या, रंग आणि क्लिअर पातळ थरांत मारा. आणि स्प्रे मारायचा असेल तर चाक काढूनच, ब्रेक डिस्कवर रंग उडाला तर ती वेगळीच भानगड.

जुलैत त्या चाकाची हवा कमी व्हायला लागली. ३३ भरायचो, चार दिवसांत २२. पंक्चरवाल्याने टायर तपासला, खिळा नाही काही नाही. मग पूर्ण चाक टबात बुडवलं आणि माझ्या पुट्टीच्या कडेने बारीक बुडबुडे, एकामागोमाग एक, मोत्यांच्या सरीसारखे. त्याने पेचकस लावला तर पुट्टीचा पापुद्राच निघाला, खाली केसाएवढी चीर. म्हणाला, "भिया, आपने तो क्रॅक पे पावडर लगा दिया." ट्यूबलेसमध्ये हवा टायरसोबत रिम पण धरून ठेवतं, तेच चिरलं तर काय राहणार. आणि त्याच चाकावर मी आई-बाबांना घेऊन उज्जैनला जाऊन आलो होतो. रात्री झोप लागली नाही. वेल्डिंगचा विचार पण करू नका म्हणाला. नवीन रिमचे ९,८०० गेले.

रागाने तो व्हिडिओ परत शोधला. भाच्याने थांबवून थांबवून बघितला आणि हसायला लागला, "मामा, आधीच्या चाकाला पाच नट आहेत, नंतरच्याला चार!" मी तो वीस वेळा तरी बघितला असेल.

रिफंडसाठी खोक्यावरच्या नंबरला फोन केला. माणूस इतका गोड बोलला म्हणून सांगू. क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करा, ११४९ दिसेल, पिन टाका, पैसे जमा होतील. मी स्कॅन केला पण होता. बायको मागून म्हणाली, "अहो, पैसे यायला पिन कशाला लागतो?" फोन ठेवला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे मी स्वतः बाबांना दहादा सांगितलंय. कोणाचे खरंच गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उशीर करू नका.

मी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकली. नंबर मिळाला, पण तोवर ते पेज नाव बदलून भाजी कापायचं मशीन विकत होतं. म्हणून ऑर्डर करताना पेजचा, किमतीचा, बिलाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, माझ्याकडे फक्त खोका होता.

पुढचं चाक नवीन आहे. मागच्याला मी हात लावला नाही, त्याचा चरा तसाच आहे, रोज दिसतो. टबात बुडवून बघितलं, हवा धरून आहे.